समोरासमोरच्या सहा जागा

पाच आसनी आणि आठ आसनी मारुती ओम्नी शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर बाहेरून बघणाऱ्याला फरक सांगता येणार नाही. तेच बारा इंची चाक, तोच नाक नसलेला चेहरा, तीच जेमतेम ३.३७ मीटरची लांबी. सरकता दरवाजा मागे ओढला की मग कळतं. पाच आसनीत पुढे दोघं, मागे तिघांचा एक बाक आणि त्याच्या पाठीशी सामानाला ऐसपैस जागा. आठ आसनीत पुढच्या सीटना पाठ लावून एक बाक आणि मागच्या काचेकडे पाठ करून दुसरा. तिघं इकडे, तिघं तिकडे, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे.

आमच्याकडे आठ आसनी आहे, २००६ सालची. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ती नवी घेतली. अण्णांच्या डोळ्यांनी साथ सोडल्यापासून ती मी चालवते. कुडाळच्या अलीकडे वाडीत आमचं घर आहे आणि त्या घराचं या गाडीवाचून काही अडेल असं आता राहिलेलं नाही. तरीही तिचं पासिंग पुन्हा करायचं की नाही हा प्रश्न या वर्षी घरात निघाला, तेव्हा मी पटकन हो म्हणाले. का म्हणाले, ते नीट मांडावंसं वाटतंय.

ओम्नीचा वंश तसा मोठा. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि १९८४ मध्ये तिच्या मागोमाग ही आली, तेव्हा नुसती ‘मारुती व्हॅन’ म्हणून. ओम्नी हे नाव १९८८ चं, पण आमच्या भागात आजही तिला व्हॅनच म्हणतात. सुझुकी कॅरी या छोट्या जपानी गाडीवर ती बेतलेली होती. इंजिन ८०० चंच, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. फक्त ते पुढच्या सीटखाली बसवलेलं आणि ताकद मागच्या चाकांना दिलेली. १९९६ मध्ये आठ आसनी ‘ओम्नी ई’ आली, १९९८ मध्ये चेहरा बदलला, १९९९ मध्ये थोड्या उंच छपराची ‘एक्सएल’, २००३ मध्ये कारखान्यातूनच एलपीजी बसवून आलेली. शिवाय मागे सीट नसलेली मालवाहू होती आणि रुग्णवाहिकाही होती. एकाच पत्र्यातून कंपनीने किती वेगवेगळ्या घरांच्या आणि धंद्यांच्या गरजा भागवल्या, हे बघून मला अजून कौतुक वाटतं.

अण्णांनी यातली कुठली घ्यायची याचा विचार फार दिवस केला होता. एलपीजीची धावायला स्वस्त पडली असती, पण तो गॅस भरायचा पंप तेव्हा आमच्या जवळपास नव्हता. पाच आसनी शेजारच्या काकांनी घेतली होती आणि त्यांच्या मते तीच शहाणपणाची: मागे नारळाची पोती, आंब्याच्या पेट्या, काहीही टाका. अण्णांनी दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं आणि आठ आसनी पक्की केली. आईंनी कारण विचारलं तर एवढंच म्हणाले, “माणसा समोरासमोर बसली काय बोलतत.”

त्या वेळी घरात माणसंही तेवढी होती. अण्णा-आई, दोन मुलगे, दोन सुना, अण्णांची बहीण म्हणजे आमच्या आत्ये, आणि पोरं. आठ जागा कमीच पडायच्या.

आमची गाडी शोरूममधून आली तेव्हा अगदी साधी होती. रेक्झिनच्या सीट, तळाला रबरी मॅट, रेडिओ नाही, एसी नाही. शेजारच्या काकांच्या गाडीत कापडी सीट होत्या, टेप होता, चाकांना टोप्या होत्या. सुरुवातीची काही वर्षं हा फरक डोळ्यांत भरायचा. मग हळूहळू तो पुसट होत गेला. त्यांच्या चाकांच्या टोप्या एकेक करून रस्त्यात पडल्या. कापडी सीट पावसाळ्यात ओल धरू लागल्या तेव्हा त्यांनी वरून रेक्झिनचीच कव्हरं शिवून घेतली. आमच्या दिराने सावंतवाडीहून टेप आणून बसवला, मी पंखा लावला, आईंनी जुन्या साडीचे पडदे केले. दहा वर्षांनी दोन्ही गाड्यांच्या आतल्या वस्तू जवळपास सारख्या झाल्या होत्या. माहितीपत्रकात ज्या गोष्टींसाठी जास्त पैसे मोजायला लावतात, त्यातल्या बहुतेक नंतर बाजारात मिळतात किंवा निकामी होऊन जातात. बाकांची मांडणी मात्र तशी नाही. ती पहिल्या दिवशी ठरली आणि आजही तशीच आहे.

काहींनी ती बदलायचाही प्रयत्न केला. पाच आसनीत भंगारातून आणलेला जादा बाक ठोकून बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. हे करू नये. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आसनक्षमता लिहिलेली असते आणि ती चालकासकट मोजलेली असते. नोंदणीतले तपशील बदलतील असा फेरफार परवानगीवाचून करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने मनाई आहे. अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकतो. शिवाय नुसत्या पत्र्याला नटबोल्ट मारून पकडलेला बाक धडकेत जागेवर राहील याची खात्री कोण देणार?

समोरासमोर बसण्याने काय होतं, ते मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच चतुर्थीत बघितलं. चाकरमानी सकाळच्या कोकणकन्येने कुडाळला उतरायचे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईची माणसं आमच्या दारात एका रात्रीत पोचू लागली; स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा मात्र ज्याच्या त्याच्या व्हॅनवर असायचा. गाडीत बसेपर्यंत सगळे रात्रीच्या प्रवासाने आंबलेले, गप्प. दरवाजा सरकून बंद झाला की चुलत दीर आणि आत्ये समोरासमोर यायचे आणि त्यांना एकमेकांकडे बघण्यावाचून इलाज नसायचा. गावातल्या कुठल्याशा जमिनीवरून त्या दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं. बोलणं सुरू झालं ते त्या बाकांवर, आणि सुरुवात अगदी क्षुल्लक गोष्टीने झाली: आत्येंच्या मांडीवरची पिशवी घसरली, दिराने ती धरली, आत काय आहे म्हणून विचारलं. सगळ्यांची तोंडं पुढे असती तर आत्ये खिडकीबाहेर आणि दीर समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत घरी पोचले असते, याबद्दल मला शंका नाही.

गणपती आणायलाही हीच गाडी. आमच्याकडे पाट आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, नेऊन द्यायचा असतो आणि मूर्ती त्या पाटावरूनच घरी येते. दोन बाकांच्या मधल्या जागेत पाट खाली ठेवायचा, दोन्ही बाजूंनी दोघांनी वाकून हात लावायचा, बाकीच्यांनी पाय आखडून घ्यायचे. खड्डा आला की चार हात एकदम घट्ट होतात. शेजारच्या काकांच्या गाडीत मूर्तीला बाकाच्या मागच्या जागेत बसवावं लागायचं आणि तिथे हात पोचत नाही. ते भोवती पोती आणि उशा लावून आणायचे. एका चतुर्थीला काकांनी स्वतःच येऊन अण्णांना विचारलं, “आमचोय गणपती तुमच्या गाडयेतसून हाडूया काय?” तेव्हापासून दोन्ही घरचे गणपती आमच्या गाडीतून येतात, एकामागून एक.

उलट्या तोंडाच्या बाकाचं एक दुखणं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आंबोली घाटात त्या बाकावर बसलेल्याला हमखास मळमळतं. घाटात रस्ता एका दिशेला वळतो आणि डोळ्यांना तो उलटा मागे पळताना दिसतो. आमच्या घरी त्यामुळे घाटापुरती एक पद्धत पडली होती. दाणोलीत थांबायचं, चहा घ्यायचा, ज्यांना त्रास होतो त्यांनी मागच्या बाकावर यायचं आणि धाकट्या दिरासारख्या धट्ट्याकट्ट्यांनी उलटं बसायचं. आल्याची वडी पर्समध्ये ठेवायची सवय मला त्या घाटाने लावली.

ही गाडी चालवायला शिकावी लागते, म्हणजे गाडीच चालवणाऱ्याला शिकवते. समोर बॉनेट नाही. तुम्ही पुढच्या चाकांच्या वरच बसलेले असता आणि काचेच्या खाली लगेच रस्ता. स्टीअरिंग साधं, चार गिअर, ताकद ३५ अश्वशक्तीच्या आसपास. पण वळायला अशी की आमच्या पाणंदीत, जिथे दोन्ही बाजूंचे गडगे आरशाला घासतात, तिथेही ती जाते आणि टोकाला मागेपुढे करून परत फिरते. नंतर आलेल्या पाहुण्यांच्या मोठ्या गाड्या रस्त्यावरच्या वडाखाली उभ्या राहतात आणि त्यांचं सामान आमच्या व्हॅनमधून आत येतं.

पावसाळ्यातली गंमत वेगळीच. आमच्या घराकडे यायला जांभ्याचा चढ आहे आणि आषाढात त्यावर शेवाळ धरतं. रिकामी गाडी तिथे मागची चाकं गरागरा फिरवत जागच्या जागी उभी राहते. तीच गाडी मागे चारपाच माणसं घेऊन सरळ वर चढते. इंजिन पुढच्या सीटखाली, माणूस एकटाच आणि तोही पुढे, म्हणजे वजन सगळं पुढच्या चाकांवर. ओढायचं काम मात्र मागच्या चाकांचं. आठ आसनीत मागचा बाक जवळजवळ मागच्या चाकांवरच येतो, त्यामुळे तिथे बसलेली माणसं चाकांना जमिनीवर दाबून धरतात. एकटी असले तर मी मागच्या बाकाखाली वाळूच्या दोन गोणी ठेवते. पोरं लहान होती तेव्हा चढ आला की तीच ओरडायची, “सगळ्यांनी मागे बसा!”

आता दुरुस्तीबद्दल. इंजिनाची चिंता मला कधी वाटली नाही. तेल बघायचं तर पुढची सीट उचलायची, तिथे सगळं हाताशी. आमचं इंजिन एमपीएफआयचं, म्हणजे इंधन फवाऱ्याने आत सोडणारं आहे, म्हणून जुन्या व्हॅनसारखा कार्बोरेटरचा त्रास नाही. सामान मिळतं, कारण ८०० आणि ओम्नीचं इंजिन एकाच कुळातलं आणि देशात ते लाखांनी फिरलं. फक्त दुकानात ‘७९६ सीसीचं’ एवढं सांगून भागत नाही. अल्टोचं इंजिनही ७९६ सीसीचंच, पण ते बारा व्हॉल्व्हचं एफ८डी. आपलं सहा व्हॉल्व्हचं एफ८बी. गाडीचं नाव आणि साल सांगावं आणि जुना भाग हातात घेऊन जावं. उन्हाळ्यात लांब गेलं तर पुढची बैठक तापते, म्हणून पाण्याची पातळी आणि पंख्याचा स्विच यांच्याकडे माझं लक्ष असतं.

खरी लढाई पत्र्याशी. आमच्याकडे समुद्राची हवा, चार महिने कोसळणारा पाऊस आणि सगळीकडे शिरणारी लाल माती. सरकत्या दरवाजाच्या खालच्या खाचेत ती माती बसते, ओल धरते आणि तिथून गंज सुरू होतो. मग रोलर झिजतो, दरवाजा लोंबतो, ओढायला दोन हात लागतात. दुसरी जागा तळाच्या मॅटखालची. रबरी मॅट वरून कोरडी दिसते, खाली पाणी साचून राहिलेलं असतं. आमच्या मेस्त्रींनी मला गाडी हातात आली त्याच वर्षी बजावलं होतं, “इंजिन गावता, पत्रो गावणा नाय.” तेव्हापासून पाऊस सरला की मी सगळ्या मॅट काढून दोन दिवस उन्हात टाकते, खाचा जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करते आणि त्यात ग्रीस भरते. तळाला मध्ये एकदा नवा पत्रा जोडून घ्यावा लागला. बाकांचे पाय जिथे तळाला बोल्टने धरलेले आहेत ती जागा मेस्त्रींनी स्वतः टोचून टोचून बघितली. आठ आसनी गाडीत ही जागा सगळ्यात महत्त्वाची; पाच आसनी घेणाऱ्याला तिचा एवढा विचार करावा लागत नाही.

एवढं प्रेम असूनही एक गोष्ट मी स्पष्ट सांगते. ही गाडी बंद झाली ते योग्य झालं. समोरून धडक झाली तर चालकाचे गुडघे आणि समोरची गाडी यांच्यामध्ये फक्त पत्रा आहे. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे आधीपासून विकल्या जाणाऱ्या मोटारींनाही समोरच्या धडकेच्या चाचणीचा नियम लागू झाला. पस्तीस वर्षं चाललेल्या ओम्नीचं उत्पादन त्याआधीच, २०१९ च्या एप्रिलमध्ये थांबलं होतं. आमच्या समोरासमोरच्या बाकांना पट्टे नाहीत. महामार्ग चौपदरी झाला, सिंधुदुर्गात त्यावर गाड्या सुसाट जातात, आणि त्या रांगेत ३५ अश्वशक्तीची व्हॅन घेऊन मी जात नाही. आंबोलीही आता दुसऱ्या गाडीने. व्हॅन वाडी, बाजार, स्टेशन, दवाखाना एवढ्यात फिरते, जुन्या आतल्या रस्त्यांनी, आणि मागे माणसं असली की तिसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते. हे नियम मी पोरांनाही घालून दिले आहेत. त्यात सूट नाही.

माणसंही आता तेवढी नाहीत. आत्ये गेल्या. धाकटे दीर ठाण्याला. पोरं शिकायला बाहेर. गाडीत बहुतेक वेळा मी आणि अण्णा, नाहीतर मी आणि बाजाराच्या पिशव्या. घरातला प्रश्न त्यातूनच निघाला. आठ जागांची गाडी दोघांसाठी कशाला? ती देऊन मारुतीचीच ईको व्हॅन घ्यावी असं नवऱ्याचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. ईको बाराशे सीसीची, एअरबॅग असलेली, नव्या नियमांत बसणारी. आम्ही ती चालवून बघितली. छान आहे. पण तिच्यात सगळी तोंडं पुढे.

अण्णांना आता अंधुकच दिसतं. ते पुढच्या सीटवर बसत नाहीत. रस्त्याकडे बघून काय करू, म्हणतात. मागच्या बाकावर बसतात आणि समोर कोणीतरी बसावं अशी त्यांची अपेक्षा असते. दवाखान्यात जाताना मी वाटेत कोणाला तरी घेते. कधी बाजारला निघालेली बाई, कधी शाळेतली माझी सहकारी. समोरचा माणूस दीड हातावर असल्यामुळे अण्णांना आवाजावरून आणि थोडं आकारावरून तो ओळखता येतो. “कोण तू? घाडयांची मगे?” असं सुरू होतं ते दवाखाना येईपर्यंत संपत नाही. दिसेनासं झालेल्या माणसाला चेहरा इतका जवळ येण्याचं किती मोल आहे, हे मला त्यांना घेऊन फिरताना समजलं. पाच आसनीत हे झालं नसतं, ईकोतही होणार नाही.

म्हणून दोन्ही करायचं ठरलं. लांबच्या प्रवासाला ईको येईल, पैसे जमतील तेव्हा. व्हॅनचं पासिंग मात्र करायचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी. २०२१ मध्ये पहिल्यांदा केलं तेव्हा नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपये होतं. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ते ५,००० झालं, आणि या वर्षी खर्च त्याहून वाढेल हे धरूनच मी चालले आहे. वर पर्यावरण कर. २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा क्रमांकपाटी मी आधीच बसवून घेतली. राहिलं ते ब्रेकचं काम, डाव्या दरवाजाचा रोलर आणि मागच्या चाकाच्या कमानीवरचा गंज. मेस्त्रींनी गाडी सोमवारी आणायला सांगितली आहे. सोबत अण्णाही येणार म्हणतात. मेस्त्रींशी त्यांना पत्र्याबद्दल बोलायचं आहे, आणि जाताना समोरच्या बाकावर शेजारचे काका बसणार आहेत.